वेळेआधी पोचलेलं पुष्पचक्र

सांत्वनाची फुलं वेळेवर पोचली तर फुलं, नाहीतर पाला, असं जावईबापू हल्ली सगळ्यांना ऐकवत. हे शहाणपण त्यांना फार महागात पडलं होतं. सासऱ्यांच्या अंत्यविधीला त्यांची फुलं पोचली तेव्हा मंडळी परतून चहा पीत होती. तेव्हापासून सासरी त्यांच्याशी कुणी धड दोन शब्द बोलत नसे.

त्यामुळे चुलतसासरे इस्पितळात पडले आणि डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा जावईबापूंनी मनाशी पक्कं केलं: या वेळी पहिला मान आपला! फुलवाल्याला पांढऱ्या शेवंतीचं पुष्पचक्र सांगितलं. पट्टीवरचा मजकूर सांगितला, इस्पितळाची खोलीसुद्धा सांगितली. फक्त माणूस अजून आहे, हे काही तोंडातून निघेना. अभद्र कसं बोलायचं? 'तयारीत राहा, उशीर नको,' एवढंच म्हणाले.

फुलवाला कामाला चोख. दुपारी सगळं सासर खाटेभोवती जमलेलं असताना दोन माणसं चक्र घेऊन आली, ते त्यांनी रुग्णाच्या पायाशी टेकवलं आणि माना खाली घालून उभी राहिली. नर्सच्या हातातला चमचा हातातच राहिला. जावईबापूंना वाटलं, फरशी दुभंगली तर बरं.

एकाच माणसाने हालचाल केली. चार दिवस मान न उचललेल्या काकांनी चष्मा मागितला आणि पट्टी मोठ्याने वाचली, "आपली उणीव सदैव भासेल. आपला जावई."

मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "जावईबापू, मी गेलो कधी?"

"अजून... नाही, काका."

"मग कळवायचं तरी. मी आवरून बसलो असतो."

जावईबापूंच्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की शेजारची खाट आपल्यालाच लागणार, याची त्यांना खात्री पटली. पण काका रागाच्या भरात उठून बसले होते! त्यांनी वाटीभर सूप मागून घेतलं, वर आणखी मागितलं. आठवड्याने स्वतःच्या पायांनी घरी गेले.

डॉक्टर चकित, सासर अवाक्. जावईबापू मात्र तोंड लपवून बसलेले. शेवटी फोन वाजला. पलीकडे मावससासूबाई, कंबर धरून महिनाभर अंथरुणात.

"जावईबापू, औषधांचा काही गुण नाही हो. मलाही एक पाठवा. आणि पट्टीवर जरा झोंबेल असं लिहा."