सव्वापट वजनाची होडी

दुकानदाराने साहेबांपुढे दोन होड्या मांडल्या. दोन्ही हवा भरायच्या, एकट्यापुरत्या. एक गोल कड्यासारखी, मधे बसून पाय पाण्यात सोडायचे. दुसरीला दोन लांब नळकांडी, वर खुर्ची आणि दोन वल्ही.

"नदीला ही वल्ह्यांची घ्या. कडं तळ्यात ठीक, वाहत्या पाण्यात भरकटतं."

साहेब म्हणजे निवृत्त लिफ्ट-तपासनीस. पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासे पकडायचा नाद त्यांना म्हातारपणी लागला होता. मासे मधल्या धारेत असतात, हे होडी घेण्याचं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की काठावर बायको सोबत येई आणि चार तास अखंड बोले. धारेत ती कुठून येणार? साहेबांनी वल्ह्यांची होडी उचलली.

पण लिफ्ट असो की होडी, सव्वापट वजन टाकून पाहिल्याशिवाय साहेब कशावरही विश्वास ठेवत नसत. होडीवर छापलं होतं एकशेवीस किलो, म्हणजे चाचणी दीडशेची. सोफा बाल्कनीत गेला, होडी दिवाणखान्यात फुगली. साहेब ब्याऐंशी किलोंचे. उरलेले अडुसष्ट आणायचे कुठून?

"अहो, मी साठ आहे," बायको म्हणाली.

साहेबांनी वजनकाटा पुढे सरकवला. काट्याने अडुसष्ट दाखवले.

"काटा बिघडलाय तुमचा!"

"बिघडला असू दे. बस."

"कुठं बसू? खुर्ची एकच आहे."

"मांडीवर."

बायको लाजली, मग बसली. नियमाप्रमाणे वीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला तिने वल्हं मारून पाहिलं, फुलदाणी आडवी झाली आणि दोघं पोट धरून हसली. साहेबांना बरं वाटलं, अगदी मनापासून. मांडीला मुंग्या आल्या तरी त्यांनी चुळबुळ केली नाही.

होडी पास झाली. चौतीस वर्षांच्या सवयीने साहेबांनी कागदावर लिहिलं, 'दीडशे किलो भार सुरक्षित', आणि खाली झोकदार सही ठोकली.

बायकोने कागद उचलला, दोनदा वाचला.

"तुम्ही ब्याऐंशी, मी अडुसष्ट. बरोब्बर दीडशे! म्हणजे रविवारी दोघं बसतो की."

"अगं, काटा बिघडलाय ना?"

"छे, काटा चांगला आहे. आणि सही तुमचीच आहे."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आपली सही खोटी म्हणायची? असला प्रसंग त्यांच्यावर उभ्या नोकरीत आला नव्हता. ती तोवर धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, आता नदीच्या मधोमध निवांत गप्पा!"

पाऊण तासाने साहेब धापा टाकत दुकानात पोचले.

"ते कडं द्या."

"साहेब, सांगितलं ना, वाहत्या पाण्यात ते भरकटतं."

"लांब जातं?"

"फार लांब."

"बांधा."

दुकानदार त्यांना ओळखून होता. त्याने पंप पुढे केला. "आधी फुगवून, सव्वापट वजन टाकून बघायचं असेल ना?"

"खबरदार!" साहेब म्हणाले. "आणि वजनाचा आकडा छापलाय तिथं एक चिकटपट्टी लावा."