बुटक्यांचा संप आणि आमची टर्की

मला पाद्रीबाबांना नाही म्हणायचं होतं, पण तोंडातून हो गेलं. चर्चच्या मासिकासाठी त्यांना नाताळच्या नव्या बालचित्रपटावर चार ओळी हव्या होत्या. "मुलांना दाखवावा की नाही, एवढंच लिहा, क्लिफ." आता मी इंग्लंडातल्या बर्नलीत तीस वर्षं पोस्टमन, त्यातली बावीस युनियनचा सेक्रेटरी. चार ओळींत मला वेळसुद्धा सांगता येत नाही. (शोकसभेत मला 'आवरा' म्हणून दोनदा चिठ्ठी येते.)

सिनेमात नाताळबाबा एका रात्रीत जगभर पार्सलं वाटतो. ना ओव्हरटाइम, ना बदली माणूस. मला तिथेच संशय आला.

"ग्लेनिस, हा मालकांचा प्रचार आहे," मी बायकोच्या कानाशी लागलो.

"पॉपकॉर्न खा."

"कोट बघ, मुद्दाम लाल! म्हणजे आपल्याला वाटावं, हा आपल्यातलाच."

"क्लिफ, लोक वळून बघताहेत."

पुढे खेळणी बनवणारे बुटके संपावर गेले. मी टाळ्या वाजवल्या. इतक्यात एका मुलीने गाणं म्हटलं आणि सगळे बुटके डोळे पुसत कामाला लागले. एकही मागणी मान्य न होता! "अरे, फसवताहेत तुम्हाला!" मी उभा राहून ओरडलो. शेवट मला बघायला मिळाला नाही, कारण तोवर आम्ही फुटपाथवर होतो.

मग मी नऊ पानं लिहिली. 'राबतात बुटके आणि नाव होतं नाताळबाबाचं. ज्यांच्या जिवावर सण होतो, त्यांनी काम बंद करावं!' पाद्रीबाबांनी सगळं छापलं. (त्या महिन्यात मजकूर कमी होता.)

नाताळच्या सकाळी नऊ वाजले तरी स्वयंपाकघरातून टर्की भाजल्याचा वास येईना. मला पुन्हा संशय आला. जाऊन बघतो तर दारात तीन खुर्च्या. त्यांवर ग्लेनिस, मुलगी केरी आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. ग्लेनिसच्या हातात मासिक.

"टर्की?" मी विचारलं.

"कच्ची आहे. तुझा लेख वाचला. पटला."

"कुठला भाग?"

"सगळा. राबतो आम्ही आणि 'आमच्याकडे जेवायला या' म्हणून मिरवतोस तू."

तीन वाजता माझा भाऊ स्टॅन सहकुटुंब जेवायला येणार होता. स्टॅन म्हणजे सुपरवायझर, जन्मभर मालकांच्या बाजूचा. त्याच्यासमोर माझ्याच घरात संप! टर्की काढायला मी हळूच फ्रिजकडे सरकलो.

"संपफोड्या!" सासूबाई कडाडल्या.

मी जागीच थिजलो. बावीस वर्षांत हा शब्द मी लोकांना ऐकवला होता, मला कोणी ऐकवला नव्हता. खरंच लागला.

"बरं, बोलणी करू," मी म्हणालो. "यापुढे नाताळचा स्वयंपाक मी करीन. ईस्टरचाही. हवं तर आजपासूनच!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. डोकी जवळ आली.

"आई, तू आजारी होतीस तेव्हाचं बाबांचं ते सूप..." केरी कुजबुजली.

तीन हात वर झाले. संप एकमताने, बिनशर्त मागे! ग्लेनिसने मला ढकलून ओव्हन पेटवला.

तीन वाजता टर्की टेबलावर होती. माझी छाती फुगली होती.

"स्टॅन, तुम्हा साहेबलोकांना महिना लागतो," मी म्हणालो. "मी आज पाच मिनिटांत संप मिटवला."

"असं काय केलंस रे?"

सासूबाईंनी बटाटा गिळला. "स्वयंपाक करीन, अशी धमकी दिली मेल्याने."