खड्ड्यातली चमक

पातूरकडच्या त्या गावात नबीभाईच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, माती तपासणाऱ्या भावना मॅडमची जीप थांबली, तेव्हा शेजारचे खुशालराव कापूस वेचणाऱ्या बायांवर खेकसत होते. शेतकरी आत्महत्यांनंतर आलेल्या सरकारी पॅकेजची ती वर्षं होती. आठवड्याला कोणतं ना कोणतं पथक यायचं, चार प्रश्न विचारायचं आणि चहा पिऊन जायचं. या मॅडम मात्र नकाशा घेऊन वावरभर हिंडल्या आणि धुऱ्यालगतच्या कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीपाशी येऊन थांबल्या.

"इथं खड्डा घ्यायचाय. पुरुषभर खोल. मातीचे थर बघायचेत. हा तुकडा कोणाचा?"

नबीची बायको जहाँआरा चमकली. ती पट्टी कागदावर नबीची. पण दर पेरणीला वीत-वीत धुरा सरकवून खुशालरावांनी ती केव्हाच गिळली होती. भांडणं झाली, मोजणी झाली, पंच बसले. धुरा काही मागं आला नाही.

"माहा नाई बाप्पा!" खुशालराव धावतच आले. "नबीचा हाय. विचारा कोनालेई!"

सरकार जिथं खोदतं तिथून कालवा नेतं, ही त्यांची पक्की समजूत. नबीनं आश्चर्यानं तोंड उघडलं, तोच जहाँआरानं त्याला चिमटा काढला.

"हो मॅडम, आमचाच हाय," ती म्हणाली. "देवरावभाऊ, आयकलं ना?"

मॅडमसोबत आलेल्या कोतवाल देवरावांनी मान हलवली. वेचणाऱ्या बायांनीही ऐकलं होतं.

दुपारपर्यंत खड्डा झाला. मॅडम शिडीनं खाली उतरल्या. सुरीनं भिंत खरवडली, ढेकूळ फोडलं, पाणी लावून माती चिमटीत मळली. चुनखडीच्या खड्यावर बाटलीतल्या आम्लाचा थेंब टाकला, तो फसफसला. मग त्या मोबाइलवर मोठ्यानं सांगू लागल्या, "सर, काळी भारी जमीन आहे. वरती भेगा, आणि कमरेच्या खाली चमक! खाली जावं तशी वाढतेच आहे. उद्या तुम्ही स्वतः बघाच."

तुरीच्या ओळीआड तंबाखू मळत बसलेल्या खुशालरावांचा अंगठा तिथंच थांबला.

जहाँआरानं सरळ विचारलं, "मॅडम, चमक कायची जी?"

मॅडमनी खालून एक ढेकूळ वर दिलं. एक बाजू तेल चोपडल्यागत गुळगुळीत. "ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मग आतल्या आत मातीवर माती घासते आणि अशी चकाकते. बाकी काही नाही."

नबी शेजारीच उभा होता. त्यानंही ऐकलं.

दिवस कलल्यावर वांग्यांची पिशवी घेऊन खुशालराव दारात हजर.

"भाभी, सकाऊन मी घाईत बोललो. पट्टी तं माहीच हाय."

"सगळ्याइनं आयकलं, खुशालभाऊ."

"बरं, तुमची तं तुमची. मले ते द्या, न् विहिरीजवळची घ्या. दुप्पट देतो!"

"पन खाली सोनं-बिनं काईच नाई, भाऊ. माती घासून चमकते."

खुशालरावांनी डोळा बारीक केला. "मॅडमनं असंच सांगा म्हनून सांगतलं वाट्टे?"

"अल्लाकसम, माती हाय!"

"मंग विहिरीची पट्टी सोडून मातीले काहून चिपकून राहिल्या?"

जहाँआरानं वांग्यांची पिशवी त्यांच्या हातात परत दिली. फसवून विहिरीजवळची पट्टी घ्यायची तिची तयारी नव्हती, आणि खरं ऐकायची त्यांची.

खुशालराव गेले. नबी दाढी कुरवाळत बसला.

"जहाँआरा, तो मानूस येडा नाई. विहिरीजवळची जमीन कोनी उगाच देते काय?"

"तुमी सोताच्या कानानं आयकलं ना?"

"आयकलं. पन मॅडम सरकारी हाय. सरकार आपल्याले खरं कधी सांगते?"

रात्री जोराचा पाऊस पडून गेला. जहाँआरा उठली तर नबीची खाट रिकामी आणि खुरपं गायब. ती तडक वावरात गेली. खड्ड्यात एका भिंतीला नबी, समोरच्या भिंतीला पांढऱ्या टोपीतले खुशालराव. पाठीला पाठ लावून दोघंही मुकाट्यानं खरवडत होते. तळाचा पार चिखल झाला होता आणि चारही पाय पोटऱ्यांपर्यंत रुतले होते.

"किती निंगालं?" जहाँआरानं वरून विचारलं.

"चूप बस," नबी म्हणाला. "पाय निंगून नाई राहिला."

तेवढ्यात जीप आली. भावना मॅडमच्या मागून मोठे साहेब उतरले, खड्ड्यात डोकावले आणि भारावूनच गेले.

"भावना, हे बघा! दिवस वर यायच्या आत शेतकरी स्वतः मातीचे थर तपासतायत! असं गाव मी पाहिलं नव्हतं. पुढचे सगळे खड्डे इथंच घ्या. या पांढऱ्या टोपीवाल्या दादांचं वावर कोणतं?"

"हे पल्याडचं सारंच त्याइचं हाय, साहेब," जहाँआरानं खुशालरावांच्या फुटलेल्या कापसाकडे अदबीनं हात केला.

खुशालरावांना कालवा आठवला आणि त्यांनी एकदम उसळी मारली. पाय आणखी वीतभर खाली गेले. "साहेब, आयका... आदी मले वर काढा!"

"सावकाश, सावकाश," साहेब कॅमेरा सरसावत म्हणाले. "तुमचं निरीक्षण पुरतं होऊ द्या."

जहाँआरानं ओढणी सावरली आणि खड्ड्याच्या काठावर वाकली.

"खुशालभाऊ, चहा खालीच देऊ काय?"