शनिवारी उरकलेला प्रजासत्ताक दिन

देशावर प्रेम करायला माणसाला सुट्टी लागते, आणि ती शनिवार-रविवारला चिकटून आली तर प्रेमाला परगावी जाता येतं. टेंभी नाक्याजवळच्या एका चारमजली सोसायटीला हे सत्य यंदा उमगलं, कारण सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती. सेक्रेटरी नॉर्मन यांनी सभेत मांडलं की ठाण्यात देशभक्ती किरकोळीत मिळते, घाऊक हवी तर थेट राजधानी गाठावी. टाळ्या पडल्या आणि दिल्लीची तिकिटं निघाली.

कार्यक्रम भारदस्त होता. शनिवारी प्रस्थान. रविवारी थोर पुरुषांच्या समाध्या (चपला सांभाळायला एक माणूस बाहेर ठेवून), मग छोले-भटुरे, मग स्वेटरखरेदी. सोमवारी परेड. एकूण देशभक्तीपैकी साठ टक्के प्रवासात, तीस टक्के रांगेत आणि उरलेली जेवणात खर्च होईल, असा नॉर्मन यांचा अंदाज होता. (परेडचे पास कुठून आणायचे हे तिथे पोचल्यावर ठरणार होतं.)

अडचण एकच होती, ती म्हणजे सोसायटीचा स्वतःचा झेंडा. इथे झेंडा फडकवायचा मान खोल्यांच्या क्रमाने फिरतो, आणि यंदा चौथ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीची, म्हणजे सुमतीबाईंची पाळी होती. सुमतीबाई निवृत्त शिक्षिका. अख्खी इमारत त्यांना मिस म्हणते. नोकरीभर त्यांनी झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरल्या आणि दोरी दर वेळी प्रमुख पाहुण्यांनी ओढली. कधी नगरसेवक, कधी छत्र्यांचे व्यापारी. एकदा तरी ती दोरी आपल्या हातात यावी असं त्यांना फार वाटायचं. मे महिन्यात इमारत पाडायची होती, सगळे भाड्याच्या घरांत पांगणार होते. ही पाळी हुकली की हुकलीच.

कमिटीने अडचण लोकशाही मार्गाने सोडवली. प्रजासत्ताक दिन प्रजेसाठी असतो. प्रजा सोमवारी दिल्लीत असेल. सबब तो शनिवारी सकाळी उरकावा, असा ठराव झाला. (घटनेने हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.)

सुमतीबाईंनी मात्र घेतली. नॉर्मन त्यांचेच विद्यार्थी, छडी खाल्लेले, त्यामुळे आदर पक्का होता. ते वर जाऊन समजावू लागले.

"मिस, झेंडा तोच, दोरी तीच, तुम्ही पण त्याच. दोन दिवस अलीकडे झालं तर कोणाला कळणारे? सोमवारी खाली माणूसच नसेल. राष्ट्रगीताला कोरम नको?"

"नॉर्मन, मी सोमवारीच ओढीन," सुमतीबाई म्हणाल्या. "कोणी नसलं तरी चालेल."

नॉर्मन "हो मिस" म्हणाले, वर्गात म्हणायचे तसंच, आणि खाली येऊन ठरल्याप्रमाणे कामाला लागले.

शनिवारी पार्किंगमध्ये बॅगा शिस्तीत उभ्या राहिल्या आणि बॅगांमागे माणसं. मिस आल्या नाहीत. दोरी नॉर्मन यांच्या पत्नी सेरेना यांनी ओढली, कारण त्यांचा एक हात मोकळा होता. राष्ट्रगीत टॅक्सीवाल्यांच्या सोयीसाठी थोडं जलद झालं. झेंडा घडी करून ऑफिसच्या कपाटात गेला आणि ऑफिसची किल्ली, नेहमीप्रमाणे नॉर्मन यांच्या खिशात, दिल्लीला गेली.

सोमवारी सकाळी सुमतीबाई कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून, ओंजळभर पाकळ्या घेऊन खाली आल्या. खांब होता, दोरी होती, ऑफिसला कुलूप होतं. त्यांनी फोन लावला. नॉर्मन हॉटेलच्या गादीवरून बोलले. रस्ते पहाटेच बंद झाले होते, पास कोणाकडेच नव्हते, आणि हॉटेलचा टीव्ही बिघडला होता.

"सॉरी मिस, किल्ली माझ्याकडेच राहिली," ते म्हणाले, आणि जरा घुटमळून पुढे म्हणाले, "मिस, परेड लागली की व्हिडिओ कॉल कराल का? तुमच्या टीव्हीसमोर फोन धरा. पोरांना बघायचीय."

सुमतीबाईंनी फोन ठेवला. रिकाम्या खांबासमोर सावधान उभ्या राहून त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं, सगळं, एकटीने. शेवटी त्यांना रडू आवरेना.

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. निळ्या आभाळात नुसता झेंडा, आणि खाली मजकूर: 'आज सकाळी आपल्या सुमती मिस यांच्या हस्ते ध्वजारोहण दिमाखात संपन्न.' नॉर्मन यांनी तो सद्भावनेने टाकला होता. मिसांची पाळी वाया गेली असं कोणी म्हणू नये. दिल्लीहून अभिनंदनाचा पाऊस पडला. शनिवारी हजर असलेल्यांनी सर्वांत आधी केलं. सेरेना यांनी लिहिलं, 'मिस, किती छान दिसताय.' (फोटोत मिस नव्हत्या.) मग तो फोटो मिसांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवरून (मिस सगळ्यांतच होत्या) आंबिवलीपासून मानपाड्यापर्यंत फिरला.

तुमच्याकडेही आला होता. तुम्ही तो न उघडता, अंथरुणातूनच, जोडलेले दोन हात आणि एक तिरंगा पाठवलात आणि कूस बदललीत. त्या दिवशी देशासाठी तुमच्याकडून एवढंच झालं. सुमतीबाई जुन्या वळणाच्या. खांबाजवळ उभ्या राहूनच त्यांनी एकेकाला उत्तर दिलं. तुम्हालाही लिहिलं, 'धन्यवाद.'