ट्रकची यथासांग पूजा

"ट्रक मीच चालवतो," असं मी सासऱ्यांना म्हणालो, तेव्हा माझी बायको सिंधु चहा गाळत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी शब्द तिथेच मागे घ्यायला हवा होता. (घेतला नाही. सासुरवाडीत जावयाला एवढी तरी अब्रू लागतेच.)

धाकटी मेव्हणी ऋतुजा हिच्या संसाराचं सामान नांदेडहून जळकोटला, तिच्या सासरी पोचवायचं होतं. सासऱ्यांचा वीस वर्षांचा ट्रक दारात उभा होता आणि ड्रायव्हर गावी गेलेला. मी आज क्लार्क असलो, तरी नोकरीआधी दोन वर्षं ट्रक चालवलाय. लायसन चालू होतं, धीर मात्र संपला होता.

म्हणून निघण्याआधी मी ट्रकची यथासांग पूजा केली. पुढे लिंबू-मिरची, स्टेअरिंगला हार, बॅटरीला हळदकुंकू आणि लाल नाडा. नारळ तेवढा फोडला नाही. सुखरूप पोचलो की जळकोटलाच फोडू, म्हणून सीटखाली ठेवला.

लोह्याच्या अलीकडे पहिला उतार लागला. मी ब्रेकवर पाय दिला, तर ब्रेक खाली जाईना! समोर उसाची ट्रॉली. शेजारी सिंधु, मागे कपाट, फ्रिज आणि ऋतुजाची सगळी हौस. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या. ट्रॉलीपासून हातभरावर ट्रक थांबला आणि बंद पडला.

"काय करून राहिलाव?" सिंधु ओरडली.

"ब्रेक लागंना!"

चावी फिरवली, तर ट्रक हूं की चूं करेना. सहाव्यांदा सुरू झाला. पुढे चढावर ब्रेक दाबून पाहिला, तर छान लागला! आता मात्र मी खरंच घाबरलो. अजून चार उतार बाकी होते.

लोह्यात शरणप्पा मिस्त्रीचं गॅरेज लागलं. त्यानं दहादा ब्रेक दाबला.

"लोण्यावानी हाय की ओ!"

"उतारालाच लागत न्हाई, मिस्त्री. आईशप्पथ!"

"उतारालाच?" त्यानं डोकं खाजवलं आणि ट्रक समोरच्या उतारावर हळूच सोडला. सीटखालून गडगड असा आवाज आला. शरणप्पानं हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, वाकला आणि ब्रेकच्या खालून शेंडीला धरून माझा नारळ बाहेर काढला.

मी आभाळाकडे पाहिलं.

चूक भरून काढावी म्हणून मी घाईनं चावी फिरवली. पुन्हा काहीच नाही. सिंधु आणि मिस्त्री चहा पिईपर्यंत मी सेल मारत राहिलो. कधी इंजिन घुरघुरायचं, कधी नुसतं टिक. शेवटी टिकसुद्धा येईना. शरणप्पानं बॅटरी उघडली. तारेच्या क्लॅम्पखाली लाल नाड्याचे सात वेढे, वर हळदकुंकवाचा लगदा.

"करंट कुठनं जाईल? ह्यो नाडा कुणी बांधला?"

सिंधुनं माझ्याकडे बोट दाखवलं. "भाऊ, ट्रकला काय बी झालेलं न्हाई. ह्यांची भीती लागलीय त्याला."

त्यानं नाडा कापला, क्लॅम्प घासून आवळला. "पर बॅटरी तुमी पार उतरवलाव, साहेब. आता धक्का."

"भाऊ, जळकोटपत्तर तुमीच चला," असं म्हणून सिंधु कॅबिनमध्ये चढली. शरणप्पा स्टेअरिंगला, आणि साहेब मागे, ट्रकच्या फळक्याला खांदा लावून. जीव खाऊन धक्का दिला. ट्रक उताराला लागला, धडधडला, सुरू झाला आणि निघाला. मी मागे धावत सुटलो.

"ओ, थांबा! ब्रेक लागतोय ना?"

सिंधुनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हाव, लई झ्याक लागतोय!"

"मग दाबा की!"

"कशाला? तुमी या मागनं एस्टीनं. आन् येताना नारळ आठवणीनं आणा, तिथंच ऱ्हायलाय!"