खुर्ची उलटी करून बसणारे अप्पा

वैजनाथअप्पा पहिल्यांदा आमच्या घरी आले. मी "बसा" म्हणालो, तर त्यांनी खुर्ची उचलून उलटी केली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. अप्पांनी खुर्चीचं बूड न्याहाळलं, खुर्ची सुलट केली आणि मगच टेकले. "तुमचीच हाय," म्हणाले.

अप्पा आमच्या उमरग्याचे, शेजारच्याच गल्लीतले. सोलापूरच्या एका दैनिकात अर्थकारणावर लिहितात. देशाची महागाई ते बिस्किटाच्या पुड्यातली बिस्किटं मोजून सांगतात, आणि दामदुपटीच्या योजना काढणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागतात. आमच्याकडे मंडपवाले खुर्च्यांच्या बुडाला रंगानं नाव घालतात, लग्नात अदलाबदल होऊ नये म्हणून. "भाड्याच्या खुर्चीवर बसून जो लोकांचं दुप्पट करतो म्हणतो, त्याचं बाकीचं बघायची गरजच न्हाय," हा अप्पांचा सिद्धांत. खोड मात्र अशा योजनावाल्यांच्या ऑफिसांपुरती राहिली नाही.

पुतण्यासाठी मुलगी बघायला ते मला येडशीला घेऊन गेले. पोहे आले, मुलगी आली, आणि अप्पांनी खुर्ची कलती करून खाली डोकावलं. मंडपवाल्याचं नाव निघालं. मुलीच्या बापाचा चेहरा पडला. अप्पा शांतपणे म्हणाले, "खुर्च्या भाड्याच्या असू द्या. पोरगी तुमचीच हाय न्हवं?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. लग्न जमलं, हा त्याहून मोठा धक्का.

मग हायवेला दामदुपटीच्या एका कंपनीनं काचेचं ऑफिस थाटलं. उद्घाटनाला अप्पांनी पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला उठवून खुर्ची उलटी केली. बुडावरचं नाव सगळ्यांनी वाचलं. मीही वाचलं. तरी आठवड्याच्या आत मी लेकीच्या शिक्षणाचे पैसे तिथं भरले, कारण एजंट होत्या सुमनताई. अंगणवाडीतल्या, नवऱ्यामागं दोन मुलं वाढवलेल्या. आपल्या पाटल्या मोडून त्यांनी आधी स्वतःचे पैसे घातले होते. अप्पांना मी काही कळू दिलं नाही. शाळेत गणित शिकवणारा माणूस इतका गाढव असू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

अप्पांनी दिलेली बातमी छापून आली, चौकशी लागली आणि मालक पसार झाला. मी तडक सुमनताईंच्या घरी निघालो. काय काय सुनवायचं ते वाटेत जुळवलं होतं.

दार आतून बंद होतं आणि दारात अप्पा बसले होते, स्वतःच्या घरची खुर्ची उंबऱ्याला लावून. समोर ही गर्दी. "जे बोलायचं ते मला बोला. बातमी म्या छापली. तिनं निस्ता इश्वास ठिवला, तुमच्यावानी," असं म्हणत ते शिव्या ऐकत होते आणि मांडीवर पाटी ठेवून एकेकाला पोलिसांतल्या तक्रारीचा अर्ज लिहून देत होते. माझी पाळी आली. त्यांनी वर बघितलं. "सर, तुम्ही बी?" अप्पांना धक्का बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माझ्यामुळं. मी मान खाली घातली.

तीन दिवस ते तिथंच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी पांगली. मी म्हणालो, "चला आता घरी. कशाला हा त्रास?"

"म्या आयुष्यातली पहिली बातमी ज्या कंपनीची दिली, तिची एजंट माझी अक्का होती," अप्पा म्हणाले. "बेंबळीत लोकांनी तिच्या दारावर दगडं मारली. म्या सोलापुरात पेपरातलं माझं नाव बघत बसलो होतो."

एवढ्या वर्षांच्या शेजारात त्यांना बहीण आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"आता कुठं असतात अक्का?"

"तिथंच. दर नागपंचमीला माहेराला न्यायला जातो. ती दार उघडत न्हाय. वट्ट्यावर घडीभर बसतो अन् येतो."

तेवढ्यात मागं कडी वाजली. दार वीतभर उघडलं आणि सुमनताईंचा हात चहाचा कप घेऊन बाहेर आला. अप्पांनी कप दोन्ही हातांनी घेतला. चहा गार होईपर्यंत ते तो तसाच धरून बसले, उघड्या दाराकडे बघत.