भिंतीकडे तोंड करून गाणं ऐकणारा नंदूदादा

अंधेरीत एका रॉक बँडच्या कार्यक्रमात, गाणं अगदी हळू झालेलं असताना, मी गाणाऱ्या मुलीला तिच्या घरातल्या नावाने हाक मारली. तेवढं सोडून काहीही कर, असं मला बजावलेलं होतं.

बजावणारा नंदूदादा. माझा आतेभाऊ, राहणार मुलुंड, रंगाच्या कारखान्यातून निवृत्त. हा माणूस गाण्याला जातो आणि स्टेजकडे पाठ करून उभा राहतो. मे महिन्यात कानटोपी घालून, नाक भिंतीला लावून. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला चक्कर आलीय.

मी पतसंस्थेच्या ट्रेनिंगसाठी चिपळूणहून आलो होतो आणि त्याच्याकडे उतरलो होतो. मुंबईत पाहुणा आला की लोक त्याला चौपाटी दाखवतात, सिद्धिविनायकाला नेतात. नंदूदादा पाहुण्याला रॉक ऐकायला नेतो. रॉकबद्दल त्याला प्रेम असेल म्हणाल, तर छे. त्याला कशाबद्दलच प्रेम नाही. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर त्याचा एकच शेरा असतो : "दम नाय." चिपळूणच्या हवेत दम नाय, मुलुंडच्या मटणात दम नाय, माझ्या नोकरीत तर कधीच नव्हता.

भानगड अशी की बँडमध्ये गाणारी मुलगी त्याचीच. सायली, घरातली चिमी. वहिनी गेल्यावर घरात हे दोघंच होते. चिमी मैत्रिणींबरोबर गोरेगावला राहायला गेली, आणि मग दादाला नावं ठेवायला हाताशी कोणीच उरलं नाही.

आता आमच्या कोकणात डबलबारी असते. दोन भजनीबुवा समोरासमोर बसून गातात, एकमेकांना टोमणे मारतात, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची अख्खी वाडी बसलेली असते. बुवाचा गळा बसो, पेटी बिघडो, वाडी उठत नाही. दादा तरुणपणी भजनात झांजा वाजवायचा. त्याचं ठाम मत : "वाडी उठली की बुवा मेलो."

म्हणून चिमीच्या पहिल्या कार्यक्रमाला हा अख्खी वाडी घेऊन गेला. मावश्या, मेहुणे, सोसायटीचा वॉचमन. प्रत्येक ओळीला टाळ्या. त्या संध्याकाळी चिमीने त्याला सांगितलं, की पप्पा, तुम्ही यायचं नाही आणि कोणाला आणायचंही नाही. घरच्यांच्या टाळ्या ऐकून मला कळतच नाही, मला गाता येतं की नाही ते.

दादाने ते ऐकलं. म्हणजे निम्मं ऐकलं. हॉल रिकामा राहिला तर मालक पुन्हा तारीख देत नाही, हे त्याला माहीत होतं. तेव्हापासून तो तिने कधी न पाहिलेला किंवा पाहून विसरलेला एकेक नातेवाईक गाठतो, त्याला अनोळखी रसिक म्हणून पुढे बसवतो आणि स्वतः मागे भिंतीकडे तोंड करतो. मला तिने फ्रॉकच्या वयात शेवटचं पाहिलं होतं, म्हणून मी पास झालो.

हॉल म्हणजे एका गॅरेजच्या वरचा पोटमाळा. बँडचं नाव 'पार्किंगमधली मांजर'. गिटारवाल्याच्या डोळ्यांवर इतके केस, की तो तारा अंदाजाने शोधत होता. ड्रमवाल्याला बघून दादा माझ्या कानात म्हणाला, "ह्याका आयशीन जेवूक घातलेला नाय, तो राग काढताहा." ऐकायला बसलेली मंडळी दुःखी चेहऱ्याने मान हलवत होती, बारशाला चुकून सुतकी माणसं आल्यासारखी. मीही हलवली. माझी मान सगळ्यांच्या उलट दिशेला जात होती, पण उत्साहात मी कमी नव्हतो.

मग चिमीने ते हळू गाणं घेतलं. रिकाम्या स्वयंपाकघरावर होतं काहीतरी. वाद्यं थांबली, नुसता आवाज उरला, आणि तो एका जागी थोडा कापला. शेजारच्या दाढीवाल्याने जांभई दिली. माझ्यातली वाडी खवळली.

"चिमे, सोडू नको गं!"

ती थांबली. कपाळावर हात धरून तिने अंधारात पाहिलं.

"विजूकाका? तुम्ही इथे काय करताय?" आणि लगेच, "पप्पा कुठायत?"

सगळा हॉल मागे वळला. दादा भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत होता. एवढं मन लावून त्याने पेन्शनचे कागदही वाचले नसतील.

"पप्पा, आग लागलेली नाही," चिमी माइकवरून म्हणाली. "वळा."

लोक हसले. दादा वळला. टोपी काढून त्याने हातात धरली. चिमीने गाणं पहिल्यापासून घेतलं. कापलेल्या जागी आवाज पुन्हा कापला, पण ती पुढे गेली. दाढीवाल्याने जांभई दिली नाही. शेवटी टाळ्या पडल्या त्या दादाच्या नव्हत्या, त्याच्या हातात टोपी होती.

खाली गॅरेजपाशी तो गुन्हेगारासारखा उभा राहिला. चिमी आली. मला वाटलं, आता वाट लागली.

"दर वेळी एक नवीन काका," ती म्हणाली. "मांडीवर कापडी पिशवी. जाताना मला विचारणार, जेवलीस का गं. मला कळत नाही होय?"

"मग बोललीस का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही यायचं बंद केलं असतं."

दादाने टोपी उलटसुलट करून पाहिली, जणू तिच्यात उत्तर शिवलेलं आहे. मग विचारलं, "जेवलीस?"

नाही म्हणाली. दोघं कोपऱ्यावरच्या पावभाजीकडे चालायला लागले. मला कोणी बोलावलं नाही, तरी मी गेलो. खाताना ती म्हणाली, पुढच्या महिन्यात घाटकोपरला कार्यक्रम आहे. मी लगेच सांगून टाकलं, की रजा काढतो, खास चिपळूणहून येतो.

चिमीने पावाचा तुकडा भाजीत बुडवला.

"पप्पा आले तर चालतील," ती म्हणाली. "तुम्ही नको."